बोट चुकलं की बटण?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं मोहीम उरकून धावपट्टीवर सुखरूप उतरायची आणि मग त्यातली काही तिथेच पोटावर बसायची. ना शत्रूची गोळी, ना इंजिनात बिघाड. विमान जमिनीला टेकल्यावर पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप वर घ्यायचे असतात. वैमानिकाच्या हातून फ्लॅपऐवजी चाकंच आत घेतली जायची. चौकशीच्या कागदावरचा शेरा ठरलेला असे : वैमानिकाची चूक.

अल्फोन्स चापानिस हा तरुण मानसशास्त्रज्ञ तेव्हा अमेरिकी हवाई दलाच्या वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करत होता. त्याने वैमानिकांच्या मनाची झाडाझडती घेण्याआधी कॉकपिट पाहिलं. चाकांचा खटका आणि फ्लॅपचा खटका शेजारी-शेजारी होते आणि दिसायला, हाताला अगदी सारखे. सी-४७ या मालवाहू विमानात हीच दोन नियंत्रणं एकमेकांपासून दूर होती. तिथे असा घोटाळा क्वचितच व्हायचा. चापानिसने सुचवलेला उपाय कुठल्याही कार्यशाळेत सहज करता येण्याजोगा होता. चाकांच्या खटक्याला एक छोटं रबरी चाक आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीच्या आकाराचा तुकडा. अंधारात, थकलेल्या हातालाही फरक कळू लागला. आजही अमेरिकेच्या विमान-नियमावलीत मोठ्या प्रवासी विमानांतल्या या दोन्ही खटक्यांच्या मुठींचे आकार ठरवून दिलेले आहेत.

पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी १९४७ साली हाच धागा पुढे नेला. वैमानिकांनी सांगितलेले ‘चुकां’चे ४६० प्रसंग त्यांनी गोळा केले आणि त्यांची वर्गवारी केली. जवळजवळ निम्म्या प्रसंगांत वैमानिकाने हव्या त्या नियंत्रणाऐवजी दुसरंच वापरलं होतं. कारणही अहवालातच होतं. बी-२५ विमानात डावीकडून थ्रॉटल, प्रोपेलर, इंधनमिश्रण असा दांड्यांचा क्रम होता. सी-४७ मध्ये प्रोपेलर, थ्रॉटल, मिश्रण. सी-८२ मध्ये मिश्रण, थ्रॉटल, प्रोपेलर. एका विमानावर हात बसलेला माणूस दुसऱ्यात बसला की त्याची सवयच त्याच्यावर उलटायची. चुका मोजल्यावर लक्षात आलं की त्या वाटेल तशा विखुरलेल्या नाहीत, ठरावीक जागी पुन्हा पुन्हा होतात. एकाच वळणावर रोज गाडी घसरत असेल, तर चालकांना दटावण्याआधी रस्ता तपासायला हवा. वापरसुलभतेच्या शास्त्राची पायाभरणी या साध्या विचारावर झाली.

पण मग साधन वापरणारी माणसं स्वतःच तक्रार का करत नाहीत? इथे माणसाच्या एका स्वभावाशी गाठ पडते. अवघड साधन हाती आलं की माणूस दोष स्वतःकडे घेतो. ‘मला कॉम्प्युटरचं जमत नाही’ हे वाक्य प्रत्येक कार्यालयात ऐकू येतं. ‘हा कॉम्प्युटर मला जमेल असा बनवलेला नाही’ असं कुणी म्हणत नाही. म्हणून ‘काही अडचण आहे का?’ असं विचारून फारसं हाती लागत नाही. माणूस काम करत असताना पाहावं लागतं.

याचा गाजलेला दाखला झेरॉक्स कंपनीच्याच संशोधन केंद्रातला आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीचं एक नवं, मोठं कॉपी यंत्र फार किचकट असल्याच्या तक्रारी येत होत्या. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या केंद्रात ल्यूसी सचमन ही मानववंशशास्त्राची अभ्यासक होती. तिने तसं यंत्र आणवलं, कॅमेरा लावला आणि सहकाऱ्यांना पाठपोट प्रती काढायला सांगितल्या. एका चित्रफितीत दोन शास्त्रज्ञ यंत्रापुढे हतबल झालेले दिसतात. त्यांतले एक ॲलन नेवेल, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जनकांपैकी एक आणि ट्युरिंग पारितोषिकाचे मानकरी! त्यांना अक्कल नाही, असं म्हणण्याची सोय उरली नव्हती.

सचमनने यंत्र वापरणाऱ्यांचं संभाषण लिहून काढलं आणि कागदावर चार रकाने आखले. माणसं काय बोलतात-करतात पण यंत्राला कळत नाही, त्यांचं काय यंत्राला कळतं, यंत्राने केलेलं काय माणसांना दिसतं, आणि त्यामागे यंत्र बनवणाऱ्याचा हेतू काय. पहिला रकाना भरून वाहत होता, दुसऱ्यात मोजक्या हालचाली : बटण दाबलं, झाकण उघडलं. माणसं ‘आपण चुकलोय बहुतेक’ असं एकमेकांना सांगत असताना यंत्र ‘सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय’ असं धरून पुढची सूचना देत होतं. यंत्रात आखीव योजना होती. माणूस मात्र समोर येईल त्याप्रमाणे वाट काढत जातो. १९८७ साली हे संशोधन पुस्तकरूपाने आलं. यंत्रं बनवणाऱ्यांच्या खोलीत मानववंशशास्त्रज्ञालाही खुर्ची मिळण्यात त्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

आजच्या वापरसुलभता चाचणीची पद्धत अशा निरीक्षणातून आणि मानसशास्त्रातल्या ‘मोठ्याने विचार करा’ या तंत्रातून घडली. नेहमीच्या कामातलं एखादं काम द्यायचं. ‘हे सॉफ्टवेअर कसं वाटलं?’ असं विचारायचं नाही. ‘मागच्या महिन्यात रद्द झालेली पावती शोधून द्या’ असं सांगायचं. मनात येईल ते बोलत काम करायला लावायचं. सगळ्यात कठीण नियम निरीक्षकासाठी आहे : मदत करायची नाही. समोरचा माणूस योग्य बटणाच्या बाजूलाच तीनदा फिरून गेला, तरी गप्प बसायचं. त्याचं अडखळणं हीच तर नोंद.

अशी किती माणसं बसवायची? जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉवर यांनी १९९३ साली अनेक चाचण्यांची आकडेमोड केली. एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के दोष उघड होतात, म्हणजे पाच माणसांत सुमारे ८५ टक्के. ‘पाच माणसं पुरेत’ हा मंत्र तिथून आला. त्याला पुढे आव्हानही मिळालं. मोठ्या, अनेक वाटांच्या संकेतस्थळांवर पहिल्या पाच जणांना निम्मेही दोष सापडत नाहीत, असं दिसून आलं. शिवाय टेबलामागचा कारकून, साहेब आणि खिडकीसमोरचा नागरिक यांची कामं वेगळी. एका गटाचे पाच जण दुसऱ्याची अडचण दाखवू शकत नाहीत. नील्सनचा मूळ सल्लाही एकदाच पाच माणसं बसवून थांबण्याचा नव्हता. पाच जणांवर तपासा, दुरुस्त करा, पुन्हा पाच जणांवर तपासा, असा तो आहे.

स्कँडिनेव्हियातल्या कामगार संघटनांनी याच्याही पुढचं पाऊल टाकलं. वृत्तपत्रांच्या छापखान्यांत कॉम्प्युटर येऊ घातले होते. १९८१ ते १९८५ या काळात ‘युटोपिया’ नावाच्या प्रकल्पात पानं लावणारे कामगार आणि संशोधक एकत्र बसले. संशोधकांनी आधी आकृत्या, तक्ते काढून पाहिले. कामगारांना त्यातून काही बोध होईना. मग कागद, पुठ्ठा आणि प्लायवूडचे खोटे कॉम्प्युटर बनवले. एका रिकाम्या खोक्यावर ‘लेझर प्रिंटर’ अशी चिठ्ठी चिकटवली, तीही असे प्रिंटर टेबलावर दिसण्याच्या आधीच्या काळात. कामगार त्या खोट्या यंत्रांपुढे बसून खरं पान लावल्यासारखे हात हलवू लागले आणि ‘इथे मला पूर्ण पान दिसायला हवं’ असं सांगू लागले. पुठ्ठा फाडून नवा लावायला कुणाची परवानगी लागत नाही, हाच त्याचा फायदा. कोड लिहून झाल्यावर तोच बदल महाग पडतो.

आपल्या कार्यालयांत या शास्त्राचा कच्चा माल पसरलेलाच असतो. स्क्रीनच्या कडेला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी, ‘आधी सेव्ह, मगच प्रिंट’ असा हाताने लिहिलेला इशारा, ऑनलाइन नोंदीशेजारी गुपचूप चालू ठेवलेलं जाडजूड रजिस्टर. साहेबांना त्यात जुन्या सवयींचा हट्ट दिसतो आणि आणखी एक प्रशिक्षण शिबिर लागतं. संशोधकाला त्यात साधनातल्या त्रुटींची आयती यादी मिळते.

खरी गोम ही की साधन विकत घेणारा एक आणि दिवसभर वापरणारा दुसरा. निविदेत सर्व्हरची क्षमता लिहिलेली असते, वॉरंटीची वर्षं लिहिलेली असतात. वापराबद्दल ‘सुलभ असावे’ एवढंच. पण वापरसुलभता मोजता येते. १९९८ च्या आयएसओ ९२४१-११ या मानकाने तिची व्याख्याच अशी केली आहे की ठरावीक माणसांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काम किती अचूक, किती कमी श्रमात आणि किती समाधानाने करता येतं. मोजता येतं ते करारात घालता येतं. नव्या कारकुनाने मदतीशिवाय दाखल्याचा अर्ज अमुक मिनिटांत नोंदवला पाहिजे, अशी अट आणि शेवटचा हप्ता त्या चाचणीनंतर. असं झालं की वापरणाऱ्याच्या अडचणीची काळजी पहिल्यांदाच बनवणाऱ्याला करावी लागेल.