पानाने मारलेली हाक

आज पुण्याच्या मार्केट यार्डातल्या फूलबाजाराची गोष्ट. गुलटेकडीला पहाटे गेलं की गुलछडीचा, शेवंतीचा वास आधी भेटतो, माणसं नंतर दिसतात. पण आजची गोष्ट आहे ती तुमच्या-माझ्या नाकाला न कळणाऱ्या वासाची.

या बाजारात मावळातल्या पॉलिहाऊसमधले गुलाब येतात. तिथल्या शेतकऱ्याला उन्हाळ्यात धास्ती असते लाल कोळ्याची. तोच आपल्या गॅलरीतल्या गुलाबावरही येतो. पानावर बारीक पिवळट ठिपके दिसले की पानाखाली पांढरा कागद धरा आणि टिचकी मारा. कागदावर धुळीचे कण पडतील. जरा दम धरा. त्यातले काही कण चालायला लागतील!

हा कीटक नव्हे. जाळी विणणाऱ्या कोळ्याच्या गोतावळ्यातला, आठ पायांचा जीव. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. अंड्यातून निघतो तेव्हा मात्र पाय सहाच. घरातला कोळी पोटाच्या टोकातून धागा काढतो, हा तोंडाजवळून. सुईसारखं तोंड पेशीत खुपसून तो आतला रस ओढतो. रिकाम्या झालेल्या पेशींचाच तो पिवळट ठिपका. कोरड्या उन्हात अंड्यापासून पूर्ण वाढ आठवड्याभरात होते. मादी शंभरेक अंडी घालते. नर भेटला नाही तरी घालते, फक्त त्यातून सगळे नरच निघतात.

बिचाऱ्या झाडाला पळता येत नाही. मग ते काय करतं? वास सोडतं! १९८०च्या दशकात मार्सेल डिके आणि मॉरिस साबेलिस या हॉलंडच्या शास्त्रज्ञांनी घेवड्याच्या जातीच्या रोपांवर हे दाखवून दिलं. लाल कोळ्याने पोखरलेल्या पानांतून वेगळाच वास निघतो आणि त्या वासाच्या मागावर शिकारी कोळी येतो. त्याला डोळेच नसतात, सगळी भिस्त वासावर. आला की तो लाल कोळ्याची अंडीपिल्लं फस्त करतो. असाच एक शिकारी १९५८ साली चिलीहून आलेल्या ऑर्किडसोबत जर्मनीत पोचला. आज जगभर त्याला मुद्दाम वाढवून पिकांवर सोडतात. आपल्या भारतातही शिकारी कोळी आहेत.

आता जहाल औषध मारलं तर? लाल कोळी औषधाला लवकर सरावतो, शिकारी मात्र मरतो. मग झाडाने कितीही हाक मारली तरी धावून यायला कोणी उरत नाही.

म्हणून ठिपके दिसले की लगेच फवारा उचलू नका. आधी पान उलटं करून भिंगातून बघा. संथ बसलेल्या कोळ्यांमध्ये एखादा भरभर धावणारा दिसला, तर त्याला त्याचं काम करू द्या. तो नसेल तर पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार धारेने धुवा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा धुवा, कारण मागे राहिलेली अंडी तोवर फुटायला लागलेली असतात.