सत्कार एका दिवसाचा, कला बारा महिन्यांची

दिवाळीच्या आधीच्या दिवसांत मंचेरियल जिल्ह्यातील दंडेपल्ली मंडळात, गोदावरीकाठच्या गुडिरेवू गावी, पद्मलपुरी काको या देवीच्या ठाण्यापाशी मोठी गर्दी होते. गावोगावचे राजगोंड आपापली दंडारीची पथके घेऊन येतात. त्यांत उठून दिसतात ते गुसाडी: डोक्यावर मोरपिसांचा भलाथोरला मुकुट, अंगाला राख, खांद्यावर कातडे, हातात काठी. डफ आणि तुडुमच्या तालावर ते नाचू लागले की पाहणाऱ्यांचेही पाय थिरकतात. आपल्यापैकी अनेक कुटुंबे दर वर्षी हे पाहायला जातात, फोटो काढतात, परत येऊन फराळाला बसतात.

या नाचाला वर्षभर कोण जपते, हा प्रश्न मात्र क्वचितच मनात येतो. या लेखापुरता तोच प्रश्न आपण घेऊ.

मार्लवाईचा गुसाडी

जैनूर मंडळातील मार्लवाई हे गाव जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले, आता कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातले. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ १९४० च्या दशकात इथे राहिले आणि गोंड मुलांच्या शिक्षणाचे काम उभे केले. त्या वेळी गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण या भागाला मराठीची ओळख होती. याच मार्लवाईचे कनक राजू यांनी आयुष्यभर गुसाडी नाचला आणि तरुणांना शिकवला. २०२१ च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपल्या साऱ्या परिसराचा ऊर भरून आला. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी, ऐन दंडारीच्या दिवसांत, त्यांचे निधन झाले.

गुसाडी थांबला नाही, कारण तो एका माणसाचा नव्हे, साऱ्या समाजाचा सण आहे. पण सगळ्याच कलांचे नशीब असे नसते. बारा मेट्यांची किन्नेरा वाजवणारे तेलंगणातले मोगिलय्या यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. दोनच वर्षांनी, २०२४ मध्ये, ते हैदराबादेत बांधकामावर मजुरी करत असल्याच्या बातम्या आल्या. पदक भिंतीवर आणि कलावंत पाटी-घमेल्यापाशी! हे वाचून पुष्कळांना वाईट वाटले. मात्र पदक हा मान आहे, तो पगार नाही, हे त्यातून समजून घ्यायला हवे. कला टिकते ती महिन्याच्या महिन्याला शिकवणारा आणि शिकणारा एकत्र बसले तर.

नागपूरचे केंद्र आपलेही

हे ‘महिन्याच्या महिन्याला’ घडावे म्हणून देशात सात क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रे आहेत. त्यांपैकी दक्षिण-मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ पासून नागपुरात आहे. नाव नागपूरचे असले तरी ते फक्त महाराष्ट्राचे नाही. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगणा अशी सहा राज्ये त्यात येतात. म्हणजे गडचिरोलीचा कलावंत आणि मंचेरियलचा कलावंत एकाच दारी जाऊ शकतात. आपण इथले मराठी लोक नेहमी म्हणतो की आम्ही ना धड इकडचे, ना धड तिकडचे. निदान या दारापाशी तरी ती तक्रार लागू पडत नाही.

या केंद्रांच्या योजनांपैकी गुरुशिष्य परंपरा ही सर्वांत उपयोगी. विस्मृतीत चाललेली एखादी कला निवडायची, तिचा जाणता गुरू शोधायचा आणि सहा महिने ते एक वर्षभर त्याने शिष्य घडवायचे. योजनेच्या ठरलेल्या दरांप्रमाणे गुरूला दरमहा ७,५०० रुपये, साथीदाराला ३,७५० रुपये आणि चार शिष्यांना प्रत्येकी १,५०० रुपये. महिन्याचे झाले १७,२५० रुपये. वर्षभर चालवले तर २ लाख ७ हजार.

रक्कम थोडी आहे, हे खरेच. गुरूच्या वाट्याला दिवसाला अडीचशे रुपये आणि शिष्याच्या वाट्याला पन्नास. मजुरीचा दिवस बुडवून शिकायला येणाऱ्या पोराला पन्नास रुपये पुरत नाहीत. पण दुसऱ्या बाजूने पाहा. एक कला पुढच्या पिढीच्या हाती देण्याचा वर्षाचा खर्च सव्वादोन लाखांच्याही आत आहे. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या लग्नाच्या मंडपाशी हा आकडा ताडून बघावा.

जत्रेची भिंत, गाडीची भिंत

शिकलेली कला लोकांच्या डोळ्यांपुढे यायलाही हवी. याचे उत्तम उदाहरण आपल्याच लोहमार्गावर आहे. मंचेरियलहून उत्तरेला निघालेली गाडी राज्याची सीमा ओलांडून बल्लारशाहला पोहोचते. तिथल्या आणि पुढच्या चंद्रपूरच्या स्थानकाच्या भिंतींवर ताडोब्याचे वाघ, जंगल आणि स्थानिक कला रंगवलेली आहे. २०१८ मध्ये रेल्वे मंत्रालयाच्या स्थानक सुशोभन स्पर्धेत या दोन स्थानकांना मिळून देशात पहिला क्रमांक मिळाला. मिथिला चित्रांनी नटलेले मधुबनी दुसऱ्या क्रमांकावर होते. तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ही चित्रे फुकट पाहायला मिळतात. सार्वजनिक कला म्हणतात ती हीच. तिला दालन लागत नाही आणि प्रवेशशुल्कही नसते.

अमेरिकेतल्या काही शहरांनी हे काम दर वर्षी कोणाच्या तरी मर्जीवर सोडले नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे कला आयोग १९३२ पासूनचे आहे. फिलाडेल्फियाने १९५९ मध्ये सार्वजनिक बांधकामाच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी ठेवण्याचा नियम केला. गंमत अशी की इमारत बांधताना कलेसाठी वाटा ठेवण्याचा विचार आपल्याकडेही त्याच सुमारास झाला होता. दिल्लीच्या रिझर्व्ह बँकेच्या दारातली रामकिंकर बैज यांची यक्ष-यक्षी त्या विचारातूनच उभी राहिली. पण तिकडे नियम गावपातळीपर्यंत पोहोचला; आपल्याकडे बसस्थानक, दवाखाना किंवा शाळा बांधताना कलेचा वाटा कोणी विचारत नाही.

प्रेक्षक हाही आधारच

सगळे सरकारनेच करावे, असेही नाही. प्राणहितेच्या पलीकडे, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या झाडीपट्टीत, सुगीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावात रात्रभर नाटक रंगते आणि लोक तिकीट काढून ते पाहतात. तिथल्या लोकनाट्याचे नाव ‘दंडार’, इकडच्या उत्सवाचे ‘दंडारी’. नावातले हे साम्य ऐकूनच जवळीक वाटते. झाडीपट्टीचे रंगकर्मी डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पण ही रंगभूमी उभी आहे ती मुख्यतः प्रेक्षकांच्या तिकिटावर. पाव्हण्यारावळ्यांना नाटकाला बोलावण्याची रीत आहे तोवर तिला मरण नाही.

वस्तूंच्या कलेचेही तसेच. आदिलाबादच्या डोकरा कलेला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ओझा कारागीर आधी मातीचा गाभा करतात, त्यावर मेणाच्या बारीक दोऱ्यांनी नक्षी घालतात, वरून पुन्हा माती लिंपतात आणि भाजतात. मेण वितळून गेलेल्या जागेत पितळेचा रस ओततात. साचा फोडल्यावरच मूर्ती बाहेर येते, म्हणून एकासारखी दुसरी होत नाही. मानांकनाने नावाला संरक्षण मिळाले. चूल मात्र गिऱ्हाइकानेच पेटते.

आपल्या मंडळाचे काम

आता आपल्याकडे वळू. या परिसरातले प्रधान हे गोंडांचे परंपरेने चालत आलेले भाट. ते किकरी वाजवून गोंडांच्या कुळकथा गोंडीत गातात, आणि घरात त्यांच्यापैकी पुष्कळ जण मराठी बोलतात. म्हणजे आपल्या भाषेचीच माणसे या कलेची राखणदार आहेत. गणेशोत्सवात आपण लांबून गायक आणतो. जवळच्या किकरीवाल्याला एकदा तरी मंचावर बसवले आहे का?

मंडळाने चार गोष्टी केल्या तरी पुष्कळ होईल. पहिली, जिल्ह्यातल्या कलावंतांची यादी: प्रधान गायक, दंडारीची पथके, डोकरा कारागीर, आणि आपली भजनी मंडळेही. दुसरी, नागपूरच्या केंद्राकडे अर्ज करायला मदत. योजना असते, पण अर्ज, बँकेचे खाते, कलेचे चित्रीकरण या पायऱ्यांवर म्हातारा गुरू अडतो. आपल्या घरातली शिकलेली मुले हे काम एका रविवारी करू शकतात. तिसरी, वर्षातून एक कार्यक्रम स्थानिक कलेचा आणि कलावंताला ठरलेले मानधन त्याच दिवशी हातात. नुसते जेवण आणि टाळ्या नकोत. चौथी सर्वांत सोपी. पाहुण्यांना प्लॅस्टिकचे स्मृतिचिन्ह देण्याऐवजी डोकऱ्याची एखादी छोटी वस्तू द्यावी. सत्कार पाहुण्यांचाही होईल आणि कारागिराचाही.

येत्या दिवाळीत गुडिरेवूला जाल तेव्हा फोटो जरूर काढा. पण नाच संपल्यावर पथकातल्या एखाद्या म्हाताऱ्यापाशी क्षणभर थांबा आणि विचारा, ‘दादा, हे तुमच्याकडून कोण शिकतंय?’ त्यांनी शेजारच्या पोराकडे बोट दाखवले, तर निश्चिंत मनाने घरी या. ते गप्प राहिले, तर त्यांचे नाव आणि गाव लिहून घ्या. आपली यादी तिथूनच सुरू होईल.