हिशेबाच्या पाठीवर ॲरिस्टॉटल

इसवी सन ७८-७९ च्या सुमारास इजिप्तमध्ये, हर्मोपोलिसजवळ, एपिमाखस नावाच्या जमीनदाराचा कारभारी दिडिमस शेतीचा जमाखर्च पपायरसवर मांडत होता. वर्षं सरली, हिशेब शिळे झाले. पाठ मात्र कोरी होती. पुढे कुणीतरी त्या पाठकोऱ्या गुंडाळ्या काढून त्यांवर अथेन्सच्या राज्यव्यवस्थेविषयीचा, ॲरिस्टॉटलच्या नावावरचा ग्रंथ उतरवून घेतला. शतकानुशतकं हरवलेला हा ग्रंथ ब्रिटिश म्युझियमच्या फ्रेडरिक केन्यन यांनी १८९१ मध्ये छापला, तो याच नकलेवरून.

नक्कल चार वेगवेगळ्या हातांची आहे. एके ठिकाणी अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस याच्या भाषणाचा गोषवारा लिहायला घेतलाय आणि मग त्यावर सरळ काट मारलीय. विक्रीच्या प्रतीत असलं खपलं नसतं. ही स्वतःच्या वाचनासाठी करून घेतलेली नक्कल असावी.

पपायरस म्हणजे आपल्या लव्हाळ्याचाच थोराड भाऊबंद. त्याच्या दांड्यातल्या गराच्या पट्ट्या आडव्या-उभ्या दोन थरांत रचून दाबत. गुंडाळीच्या आतल्या बाजूला तंतू आडवे, ओळीच्या दिशेने जाणारे; लिहायचं ते आधी तिथे. बाहेरची बाजू बहुधा रिकामीच राही.

संशोधकांना अशी मागून वापरलेली पाठ म्हणजे घबाडच. ग्रंथांच्या नकलांवर सहसा साल नसतं. अक्षराच्या वळणावरून काळ ठरवायचा तर पन्नास-शंभर वर्षं सहज इकडची तिकडे होतात. कार्बन चाचणीही नेमकं साल सांगत नाही, वर तुकडा खर्ची पडतो तो वेगळाच. दिडिमसच्या हिशेबात मात्र रोमन सम्राट वेस्पेशियनच्या कारकिर्दीचं वर्ष घातलेलं आहे. नक्कल त्यानंतरची, एवढं पक्कं. किती नंतरची, हे पुन्हा अक्षरालाच विचारायचं.

इजिप्तमधल्याच ऑक्सिरिंकस या प्राचीन शहराच्या उकिरड्यांत ग्रेनफेल आणि हंट या ब्रिटिश संशोधकांना याहून चमत्कारिक जोडी सापडली. एका बाजूला लिव्हीच्या रोमन इतिहासाचा लॅटिन सारांश, पाठीवर ग्रीकमध्ये बायबलमधलं ‘इब्री लोकांस पत्र’. ही नक्कल झाली तोवर ख्रिस्ती मंडळी गुंडाळी सोडून पानांच्या पुस्तकाकडे वळली होती. मग हे पत्र गुंडाळीवर कसं? पाठ आयती मिळाली, हेच कारण मला पटतं. लिव्हीच्या ज्या खंडांचा हा सारांश, त्यांतले बरेच आज उरलेले नाहीत, म्हणजे पुढची बाजूही तितकीच मोलाची.

१९०४ मध्ये दोन्ही मजकूर ऑक्सिरिंकसच्या पपायरसांच्या एकाच खंडात छापले गेले; पत्राला क्रमांक ६५७, लिव्हीला ६६८. धर्मशास्त्राचा अभ्यासक एक पान उघडणार, रोमन इतिहासाचा दुसरं. लॅटिन वाचणाऱ्याची गुंडाळी ग्रीक वाचणाऱ्या ख्रिस्ती माणसाच्या हाती कशी गेली, हा प्रश्न त्या दोघांपैकी कुणाला पडणार?