येतोय, येतोय! : खेळांच्या घोषणांची तीस वर्षं

१८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेंडोच्या 'इंडी वर्ल्ड' या छोटेखानी ऑनलाइन कार्यक्रमात पुण्याचा एक व्हिडिओ गेम झळकला. नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक'. धाकट्या भावाच्या शोधात निघालेली सर्कशीतली मुलगी, तिची गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी धाटणीचे महाल. झलक दाखवली आणि लगेच सांगितलं, खेळ आजपासूनच विकत मिळेल. याच मंडळींनी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली होती, ती पुरी झाली नव्हती. २०२० संपता संपता 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात 'राजी'ला नामांकन मिळालं.

गेम कंपन्यांनी असे कार्यक्रम वर्षातून किती घ्यावेत, यावर सेवाग्रामला चहाच्या टपरीवर इंजिनिअरिंगची पोट्टी हमरीतुमरीवर येतात. एकाला दर दोन महिन्यांनी हवा असतो, दुसऱ्याला वर्षातून एक म्हणजे डोक्यावरून पाणी. वयानं मी त्यांच्या बापाचा, तरी या वादात माझंही मत आहे. ते 'राजी'वरून आणि त्याआधीच्या पंचवीस वर्षांवरून बनलेलं.

सुरुवातीला प्रश्नच नव्हता. मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसला ई-थ्री नावाची जत्रा सुरू झाली आणि वर्षातून एकदा सगळ्यांनी तिथं जमायचं हे ठरून गेलं. पहिल्याच वर्षी सेगानं जाहीर केलं, सॅटर्न हे यंत्र ३९९ डॉलरला आणि आजपासूनच दुकानात. सोनीच्या स्टीव्ह रेसनं व्यासपीठावर येऊन '२९९' एवढाच आकडा सांगितला आणि तो खाली उतरला. टाळ्या सोनीला. सेगाचं नुसतं किमतीपायी बिनसलं नाही. अचानक आणलेला माल ठरावीक साखळी दुकानांनाच मिळाला, बाकीचे दुकानदार रुसले आणि खेळ बनवणाऱ्यांचीही तयारी झालेली नव्हती. 'आजपासूनच' हा शब्द 'राजी'ला फळला आणि सॅटर्नला बाधला. राजीचा खेळ तयार होता, सेगाचं दुकान नव्हतं.

वर्षातून एकच दिवस ठरलेला असला की दाखवायला काही असो-नसो, उभं राहावंच लागतं. हे जोखड पहिल्यांदा सैल केलं निन्टेंडोच्या सातोरू इवाता यांनी. २१ ऑक्टोबर २०११ ला 'निन्टेंडो डायरेक्ट' सुरू झालं. साहेब स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहून थेट खेळणाऱ्यांशी बोलायचे. मधे पत्रकार नाहीत, तारखेचं बंधन नाही. २०१३ पासून निन्टेंडोनं ई-थ्रीतली मोठी पत्रकार परिषदच सोडून दिली. सोनीनं २०१८ मध्ये आपला 'प्लेस्टेशन एक्स्पीरियन्स' हा मेळावा घेतला नाही. लोकांना एका ठिकाणी गोळा करावं इतकं दाखवायला आपल्याकडे नाही, असं सोनीच्याच शॉन लेडन यांनी चक्क सांगून टाकलं. या धंद्यात इतका सरळपणा विरळाच. पुढच्या वर्षी सोनी ई-थ्रीलाही गेली नाही आणि मार्च २०१९ पासून तिचंही डायरेक्टसारखंच 'स्टेट ऑफ प्ले' सुरू झालं. करोनानं उरलंसुरलं संपवलं. डिसेंबर २०२३ मध्ये ई-थ्री कायमची बंद झाल्याचं आयोजकांनी जाहीर केलं.

तारखेचं बंधन गेलं, पण त्याबरोबर ताळतंत्रही गेलं का? सप्टेंबर २०१९ नंतर निन्टेंडोचं मोठं, सर्वसाधारण डायरेक्ट आलं ते थेट १७ फेब्रुवारी २०२१ ला. मधे छोटे कार्यक्रम झाले, पण तब्बल सतरा महिने सगळे याचीच वाट पाहत होते. आपल्याकडे तेव्हा अठरा तारखेची पहाट, साडेतीन वाजलेले. भारतात निन्टेंडोची अधिकृत विक्रीही नव्हती, तरी पोरं जागी. मोबाइल स्टीलच्या ग्लासला टेकवलेला, आवाज बारीक, शेजारच्या खोलीत आई-बाप झोपलेले. 'झेल्डा' या निन्टेंडोच्या लाडक्या खेळमालिकेचे निर्माते एजी आओनुमा पडद्यावर आले आणि पोरांचा श्वास अडकला. त्यांनी सांगितलं, नव्या झेल्डाबद्दल आज दाखवण्यासारखं काही नाही. जुना 'स्कायवर्ड स्वोर्ड' नव्या रूपात आणतो आहोत. दिवसा असता तर सेवाग्रामपासून वर्ध्यापर्यंत ऐकू गेला असता इतका मोठा सुस्कारा पडला. कार्यक्रम पन्नास मिनिटांचा, खेळ ढिगानं, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते न मिळालेलं. फार दिवस गप्प बसलं की अपेक्षेवर व्याज चढतं.

याउलट फार लवकर बोललं की काय होतं? निन्टेंडोनं 'मेट्रॉइड प्राइम ४' या खेळाचं नुसतं नाव आणि चिन्ह जून २०१७ मध्ये दाखवलं. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीनंच सांगितलं की काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करतोय. खेळ हातात आला डिसेंबर २०२५ मध्ये. 'सिल्कसाँग' हा दुसरा खेळ फेब्रुवारी २०१९ ला जाहीर होऊन सप्टेंबर २०२५ ला आला. मधल्या काळात प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक कार्यक्रमात लोक तेवढं एकच नाव शोधत बसायचे आणि दुसऱ्या कुणा गरिबाचा चांगला खेळ नजरेआड व्हायचा.

आमच्या गावात राहून तुलना टाळणं अवघड. १४ जुलै १९४२ ला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीनं ठराव केला आणि ८ ऑगस्टला मुंबईत 'भारत छोडो' मंजूर झालं. बोलणं आणि करणं यांत पंचवीस दिवस. गेम कंपनीकडून एवढी अपेक्षा नाही, पण आठ वर्षं?

आपल्याकडचं उदाहरण पुण्याचंच. सुपरगेमिंगनं 'इंडस' हा बॅटल रोयाल २०२२ मध्ये जाहीर केला आणि तो १६ ऑक्टोबर २०२४ ला आला. मधल्या काळात त्यांनी ट्रेलर सोडले, नोंदणी उघडली, खेळाडूंना बोलावून चाचण्या घेतल्या. टपरीवर त्याची टिंगल झाली, 'येतोय येतोय'वाला खेळ म्हणून. मला ती पुरती पटत नाही. चाचणीला बोलावणं ही घोषणा नव्हे, काम दाखवणं आहे. बंगळुरूच्या एनकोअरचा 'फौजी' सप्टेंबर २०२० मध्ये, पबजीवर बंदी आल्यावर दोनच दिवसांत जाहीर झाला आणि २६ जानेवारी २०२१ ला आलाही. एवढी घाई मात्र खेळात दिसली.

म्हणून 'किती वेळा' या प्रश्नाला माझं उत्तर एक नाही, दोन आहेत. कंपनीचा स्वतःचा मोठा कार्यक्रम वर्षातून एक पुरे. सहा महिन्यांत विकायला येणार नाही तो खेळ त्यात दाखवू नये, आणि दाखवण्यासारखं नसेल तर लेडन यांच्यासारखं तसं सांगून मोकळं व्हावं. पण 'इंडी वर्ल्ड'सारखे लहानांचे कार्यक्रम ठरलेल्या वेळी, दर तीन महिन्यांनी व्हायलाच हवेत. झेल्डाला डायरेक्टची गरज नाही, त्याचं नाव कुठंही घेतलं तरी लोक ऐकतात. पुण्यातल्या चार माणसांच्या स्टुडिओला मात्र जगासमोर यायला दुसरं दार नाही, आणि ते कधी उघडणार हे आधी ठाऊक असेल तरच त्यांना काम वेळेत आटोपता येतं. मोठ्यांचे कार्यक्रम खुशाल कमी करा, लहानांचा एकही रद्द करू नका.