दुधाच्या खाड्याशेजारची ओळ

जुलैतली पाचगणी पाहुण्यांना दोन दिवसांसाठी फार आवडते. आम्हाला मात्र चार महिने काढायचे असतात. ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, डब्यातले पापड मऊ पडतात आणि धुकं थेट स्वयंपाकघरात येऊन बसतं. अशाच एका दुपारी बचत गटाच्या बैठकीत मी सवयीने म्हणून गेले, "बायांनो, मन खंबीर ठेवा, सकारात्मक राहा." कोपऱ्यातली एक मैत्रीण पटकन म्हणाली, "ताई, राहा म्हणजे नक्की काय करू? सकाळी उठल्यावर पहिलं काय करू, तेवढं सांगा."

तिचा नवरा जाऊन तीनच महिने झाले होते. मी गप्प झाले. उपदेश किती स्वस्त असतो, नाही का?

घरी येताना मला २०२० साल आठवत राहिलं. आमचं गाव निवासी शाळा, पर्यटक आणि स्ट्रॉबेरी या तिघांवर जगतं. त्या मार्चमध्ये तिन्हींवर एकदम घाला आला. शाळांची मुलं घरोघरी गेली, हॉटेलं बंद झाली, आणि शेतातली लालभडक फळं घ्यायला कोणी येईना. आमचे हे एका शाळेच्या मेसला भाजी पुरवायचे, शिवाय घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायचो. दोन्ही मिळकती एका आठवड्यात थांबल्या. टेम्पोचा हप्ता तेवढा थांबेना.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. मग हे उशिरा उठू लागले. दाढी नाही, बोलणं नाही, दिवसभर मोबाईलवर त्याच त्या बातम्या. मी आधी समजावलं, मग चिडले, मग रडले. कशाचाच उपयोग झाला नाही.

मार्ग दाखवला तो सासूबाईंनी. त्या तरुणपणी, १९६० च्या दशकात, इथल्या क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियममध्ये आया होत्या. नव्या पिढीला पाचगणी म्हणजे फक्त टेबल लँड आणि शाळा वाटते. पण एके काळी लोक इथे हवापालटासाठी, क्षयातून उठण्यासाठी येत. डॉ. बिलिमोरियांनी १९१२ साली इथे क्षयरोग्यांसाठी काम सुरू केलं, त्यातूनच बेल एअर उभं राहिलं. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला १९४३ साली. तोवर क्षयावर खात्रीचं औषधच नव्हतं. होती ती मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी आणि घड्याळ!

सासूबाई सांगायच्या, "पेशंटला कोणी 'आनंदी राहा' म्हणत नसे. ठरल्या वेळी ताप बघायचा, तक्त्यावर लिहायचा. ठरल्या वेळी व्हरांड्यात पडायचं. जरा बरं वाटलं की चालायला लावायचं, पण मोजून. आज फाटकापर्यंत, चार दिवसांनी झाडापर्यंत. जास्त चाललं तरी रागावत."

मग एके सकाळी त्यांनी ह्यांना हाक मारली. "अरे, ऊठ. अंगणात दहा फेऱ्या मार आणि मला येऊन सांग. बाकी काही करू नकोस." आईसमोर पन्नाशीचा मुलगासुद्धा मुलगाच असतो. हे उठले. दहाच्या वीस झाल्या. जूनमध्ये बंधनं सैल झाल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊ लागले, आणि पावसाळा सरता सरता एकदा टेबल लँडवर जाऊन आले. धंदा तेव्हाही सुरू झाला नव्हता बरं का! पण दाढी झाली होती.

तक्त्याची गोष्ट मी उचलली. आपल्या प्रत्येकीच्या भिंतीवर कालनिर्णय असतं आणि त्यात दुधाचे खाडे लिहिलेले असतात. मी त्याच चौकटीत, दुधाशेजारी, रात्री दिवसभरातलं एक झालेलं काम लिहू लागले. चांगला विचार वगैरे नाही, काम. 'माळा आवरला.' 'वहिनींना फोन.' 'उशांचे अभ्रे शिवले.' चौकट एवढीशी, त्यामुळे दुःख लिहायला जागाच नसते, हा एक फायदाच.

खरं सांगायचं तर याआधी मी मोठमोठे प्रयोगही केले होते. एशिया प्लॅटोमध्ये सकाळी शांत बसून मनात येईल ते वहीत उतरवण्याची पद्धत आहे. चांगली आहे, अनेकांना उपयोग झालाय. मी बसले, तर वहीत उतरलं काय, 'डाळ भिजत घालायची राहिली.' माझा पिंड तो नव्हे.

रोज थोडं लिहिण्याची अशीच एक गोष्ट गांधीजींची आहे. कस्तुरबा फेब्रुवारी १९४४ मध्ये कैदेतच गेल्या. मे महिन्यात सुटका झाल्यावर आजारी गांधीजी जुलैमध्ये इथे पाचगणीला 'दिलखुश' बंगल्यात राहायला आले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून त्यांनी आनंद हिंगोरानी या आपल्या सहकाऱ्यासाठी रोज एक छोटा विचार लिहायला घेतला. हिंगोरानींची पत्नी वारली होती, ते पार खचले होते. जवळजवळ दोन वर्षं ते लिहिणं चाललं. स्वतःच्या पाठीशी एवढं दुःख असलेला माणूस दुसऱ्यासाठी रोज दोन ओळी लिहितो, हे मला फार जवळचं वाटतं.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. क्षय हवेने बरा होत नव्हता. औषधं आल्यावर मद्रासमध्ये जो अभ्यास झाला, त्याने १९५९ साली दाखवून दिलं की घरी राहून औषध घेणारेही सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे होतात. फेऱ्या आणि तक्ते हे औषध नव्हतंच. वाट बघण्याचे महिने त्यामुळे निभत, एवढंच. मनाचंही तसंच आहे. झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नको वाटू लागलं, तर कॅलेंडरवर विसंबू नका, डॉक्टर गाठा. सरकारची 'टेली मानस' ही फोनसेवा २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. यात लाज कसली?

सासूबाई एप्रिल २०२१ मध्ये गेल्या. दिवस-कार्य आटोपल्यावर मी सहज कॅलेंडरकडे बघितलं. ते तेरा दिवस माझ्या हातून काहीच लिहिलं गेलं नव्हतं, पण चौकटी भरलेल्या होत्या. ह्यांचं अक्षर! 'दूध १ लि. अंगणात दहा फेऱ्या.' रोज तेच.

हे सगळं मी त्या मैत्रिणीला सांगितलं. म्हटलं, सकाळी उठून आधी अंथरुणाची घडी घाल, तोंड धू, दार उघड. रात्री चौकटीत एक ओळ लिही. तिने मान डोलावली, पण तिला फारसं पटलेलं दिसलं नाही.

गेल्या आठवड्यात ती बैठकीला आली ती कॅलेंडरचं पान घडी करून घेऊनच. माझ्यापुढे धरून म्हणाली, "ताई, पंधरा दिवसांत सहा खाडे."

मी विचारलं, "दूधवाल्याचे?"

"छे हो, माझे!" म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.