ओट्यावरची खुर्ची

मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत आजोबांची हातांची खुर्ची आमच्या इंदूरच्या घराच्या ओट्यावर आली. लाकूड सागवानी, पण बैठकीचा वेत फाटलेला. भंगारवाल्याशी तीनशे रुपयांत ठरलंही होतं. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, तर चंदीगडला नोकरी करणाऱ्या धाकट्या भावाचा लगेच फोन, "ताई, थांब, देऊ नकोस!"

मग त्याने तिथल्या खुर्च्यांची गोष्ट सांगितली. चंदीगड शहर वसवायला १९५१ मध्ये ल कॉर्ब्युझिए आणि त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे आले. जानरे जवळजवळ चौदा वर्षं तिथेच राहिले. इमारती उभ्या राहिल्या, पण कचेऱ्यांमध्ये बसायला फर्निचर हवं होतं. जानरे आणि युली चौधरींसारख्या भारतीय सहकाऱ्यांनी ते तिथेच घडवलं. लाकूड सागाचं, कारण त्याला वाळवी सहसा लागत नाही. बैठक आणि पाठ वेताची, म्हणजे उन्हाळ्यात हवा खेळती राहते. दोन्ही बाजूंचे पाय उलट्या 'व्ही'सारखे. घडवणारे हात इथल्याच सुतारांचे.

पुढे स्टीलचं आणि प्लॅस्टिकचं फर्निचर आलं. या खुर्च्या गच्चीवर, जिन्याखाली ढीग होऊन पडल्या आणि भंगाराच्या भावात लिलावात गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या दुरुस्त केल्या आणि तिकडे एकेका खुर्चीला लाखो रुपये मिळू लागले. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या वारसा फर्निचरच्या विक्रीला मनाई केली, पण तोवर पुष्कळ माल बाहेर गेला होता.

खरं सांगते, लाखांचा आकडा ऐकूनच मी खुर्ची आत नेली. उलटी करून पाहिली. चंदीगडच्या खुर्च्यांवर कचेरीचं नाव, नंबर रंगवलेला असतो. आमच्या खुर्चीवर काहीच नव्हतं. पायही साधे, सरळ.

आई हसली. म्हणाली, "अगं, तुझ्या आजोबांनी पहिल्या पगारातून गल्लीतल्या सुताराकडून करवून घेतली होती ती."

मला हे आजवर ठाऊकच नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

वेत विणणाऱ्या काकांनी आठवडाभर ओट्यावर बसून बैठक नव्याने विणली. खर्च तीनशेच्या कितीतरी पट झाला. आता लेक त्याच खुर्चीत बसून अभ्यास करते. या दिवाळीत तुमच्याही ओट्यावर एखादी जुनी वस्तू येईल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा, ही आपल्याकडे कशी आली?