स्पेनचा ‘हलका’ द्राक्षवाण आणि आपल्या बांधी



नाशिककडचे मळे पाहून आलेला माणूस हमखास विचारतो, “साहेब, वाइनची द्राक्षं आपल्याकडे का नाही लावायची?” एका वाणाचं उदाहरण घेऊन सांगतो.

स्पेन देशात टेम्प्रानियो नावाचा काळा द्राक्षवाण आहे. त्याची लाल वाइन करतात. तिथल्या भाषेत ‘तेम्प्रानो’ म्हणजे लवकर. इतर वाणांच्या आधी पिकतो म्हणून हे नाव. आपल्या बोलीत हा द्राक्षातला हलका वाण! बर्डीवर आपण हलका धान लावतो, खोल बांधीत भारी. त्यांनीही रान पाहूनच वाण निवडला.

या वाणाचा नावाजलेला भाग म्हणजे उत्तर स्पेनमधलं, एब्रो नदीकाठचं रिओहा. उत्तरेचे डोंगर समुद्राकडचे पावसाळी ढग अडवतात. वर्षाचा पाऊस साधारण ४०० ते ५०० मिलिमीटर. घड सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात. मग थंडीत पानं झडून वेल झोपी जाते.

आपल्याकडे वेल अशी झोपत नाही. म्हणून नाशिकचे बागाईतदार दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी. त्यामुळे घड कोरड्या हवेत पिकतात. दिंडोरी भागात टेम्प्रानियो लावला गेला, त्याची वाइनही निघाली.

आता आपलं रान पाहा. गोंदियात पाऊस १२०० मिलिमीटरच्या वर. खरड छाटणीनंतर वाढलेल्या काडीवर पुढचे घड येतात. तीच काडी आपल्याकडे संततधारेत सापडते; केवडा आणि करपा पानं खातात. बांधीत पाणी साचलं की मुळं गुदमरतात.

दुसरी गोष्ट विक्रीची. या द्राक्षाचे मणी लहान, बियांचे. खायला कोणी घेत नाही. तोडलेला माल लवकर कारखान्यात पोचावा लागतो, आणि नाशिक रेल्वेने साडेसातशे किलोमीटरहून लांब.

तेव्हा कर्ज काढून मांडव घालण्याआधी एवढं करा :

१. बर्डीवर तीन फूट खड्डा खणून पाण्यानं भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं दिसलं तर ती जागा सोडा.

२. माती तपासून घ्या.

३. माल कोण घेणार, ते आधी लेखी ठरवा.

४. हौस असेल तर दोन-चार वेली परसात लावा. दोन पावसाळे त्यांचं काय होतं ते पाहा.

वाण गाडीत घालून आणता येतो, बंधूंनो. रान आणता येत नाही.